सहवीरा उठत नाही

तौराय मुकारो मेला आणि लेस्टरमधल्या झिम्बाब्वेवाल्यांना तो एकदम आठवला. तीन वर्षं त्याला समोरून येताना पाहून जे रस्ता ओलांडून पलीकडे जात होते, त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोडलेल्या हातांची आणि मेणबत्त्यांची रांग लावली. 'लढवय्या गेला.' 'शाखेचा पाया हरपला.' 'असा माणूस पुन्हा होणे नाही.' शुवाय ज्या वृद्धाश्रमात काम करायची तिथल्या जेवणाच्या सुट्टीत तिने हे वाचलं आणि घास तोंडातच फिरू लागला. ज्या ग्रुपमधून माणसाला हाकललं, त्याच ग्रुपवर त्याच्या नावाने गळे काढायचे. मेलेल्याला वाचता येत नाही हे यांचं नशीब.

शुवाय तौरायची बहीण नव्हती की मेहुणी नव्हती. ती त्याची सहवीरा होती. त्यांच्या गावाकडे, गुटूला, हे नातं घराण्याचं असतं, आजोबांकडून नातवंडांकडे येतं. तिच्या आजोबांनी त्याच्या आजोबांना मातीत ठेवलं होतं, त्याच्या बापाने तिच्या बापाला. घरात कुणी गेलं की सहवीराने यायचं, मेलेल्याचे कपडे अंगावर चढवून त्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं, आणि घरातलं, गावातलं जे कुणी उघड बोलत नाही ते भर लोकांत बोलायचं. त्यावर रागवायचं नाही. जो रागवेल त्याचीच शोभा. आणि सहवीराने शवपेटी अडवली तर तिचं देणं चुकवल्याशिवाय ती पेटी जागची हलवायची नाही. इतर वेळी शुवाय कमी बोलायची. लोक तिला घुमी समजत. समजोत बापडे.

तौरायचा गुन्हा काय, तर त्याने एक प्रश्न विचारला होता.

मायदेशातल्या विरोधी पक्षाची लेस्टर शाखा त्यानेच उभी केली. दर शनिवारी तोच गाडी काढायचा, पंधरा-सोळा माणसं कोंबून लंडनला न्यायचा, आणि मग झिम्बाब्वेच्या वकिलातीच्या दारासमोर सगळे ढोल वाजवून, नाचून, घसा बसेपर्यंत ओरडायचे : खुर्ची सोडा. ऊन असो, बर्फ असो. चेअरमन होता विल्बर्ट न्यामुंडा. चौदा वर्षं तोच. गोड बोलणारा, कडक इस्त्रीचा, सगळ्यांच्या लग्नात पुढच्या खुर्चीवर बसणारा. एका बैठकीत तौराय उठला आणि म्हणाला, "चेअरमन, आपल्या शाखेची निवडणूक कधी? तिकडच्याला आपण दर शनिवारी खुर्ची सोडायला सांगतो, म्हणून आपलं विचारलं." लोक हसले. न्यामुंडाही हसला. पोट धरून हसला.

आठवडा उलटला नाही तोच ग्रुपवर एक फोटो आला. वकिलातीच्या आत, रांगेत उभा तौराय. खाली न्यामुंडाने लिहिलं होतं, 'शनिवारी बाहेर, मंगळवारी आत. समजून घ्या, मित्रांनो.' एवढंच. सरकारचा हेर हा शब्द त्याने वापरलाच नाही. तो लोकांनी आपापल्या तोंडाने वापरला.

आता पासपोर्ट संपला की त्याच दारात जावं लागतं, दुसरं दार देवाने दिलेलं नाही. इथला राहायचा परवाना हवा तर आधी तिथला पासपोर्ट हवा. ज्यांना शनिवारी शिव्या घालायच्या त्यांच्याच खिडकीपुढे मंगळवारी हात बांधून उभं राहायचं, ही या लोकांची रोजची थट्टा होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. सगळेच जात होते. फक्त टोपी खाली ओढून, आणि परत आल्यावर कुणाला न सांगता. पण हेर म्हटलं की इथे कुणी खरं-खोटं करत बसत नाही. तौरायला ग्रुपमधून काढलं, आणि त्याच ग्रुपवरून इथे सगळ्यांना कामं मिळत होती, गाड्यांची सोय होत होती, बारशी आणि मर्तिकं कळत होती. चर्चमध्ये त्याचं बाकडं रिकामं व्हायला लागलं. बायको नेत्सायने हाक मारली की बायका पिशवीत काहीतरी शोधायच्या. वाळीत टाकणं हे गावातच होतं असं कुणी म्हणत असेल तर त्याने लेस्टरला येऊन बघावं. शेवटी हृदयाने दगा दिला आणि तो दवाखान्यात पडून राहिला. भेटीच्या वेळेत त्याच्या खाटेजवळ नेत्साय, मुलगी शामिसो आणि शुवाय, एवढ्याच असायच्या. दाराशी कुणाची सावली पडली की तो मान वळवायचा, आणि नर्स असायची.

शुक्रवारी दुपारी न्यामुंडा घरी आला. पेटी शनिवारी हॉलमध्ये लोकांना दाखवून तिथूनच विमानतळावर जायची होती. नेत्साय रीतीप्रमाणे जमिनीवर गादी टाकून बसली होती. शुवाय तिच्याशेजारी मांडीवर परात घेऊन उद्याची भाजी चिरत होती. न्यामुंडाच्या हातात घडी घातलेलं निळं कापड होतं, पक्षाचं.

"शामिसोच्या आई," तो गुडघ्यावर टेकत म्हणाला, "पक्ष तुमच्या पाठीशी आहे. उद्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा उरणार नाही. मी स्वतः ग्रुपवर टाकलंय. मायदेशाहून आपले उपाध्यक्ष आलेत, तेही थांबतायत. पेटीवर हे घालू. माणूस आपला होता."

"घाला," नेत्साय म्हणाली. "पण चेअरमन, माझं एक काम करा. गावाहून मोठ्या दिरांचा फोन होता. खड्डा खणायला माणसं येईनात."

"का बरं?"

"तुम्हाला ठाऊक नाही का?" नेत्सायचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "निवडणुकीनंतर सरकारच्या माणसांनी आमच्या गावात घरं जाळली. माणसं मारली. नावं कुणी पुरवली ते लोक अजून शोधतात. तुमचा तो फोटो तिथेही पोचला. आता ते म्हणतात, हेराला आमच्या माणसांशेजारी पुरायचं नाही. दीर पाया पडून आले. शेवटी गावाने एवढंच मान्य केलं, की ज्याने सांगितलं त्यानेच तोंडाने सांगावं की तो तसा नव्हता. उद्याचं सगळं ते फोनवर बघणार आहेत. तुम्ही बोललात तर खणतील. नाही तर मी पेटी घेऊन कुठे जाऊ?"

न्यामुंडाने मान हलवली, खूप दुःख झाल्यासारखी. "पण शामिसोच्या आई, मी कधी म्हटलं तो हेर होता?"

"म्हटलं नाहीत," स्वयंपाकघराच्या दारातून शामिसो म्हणाली. एकोणीस वर्षांची पोर, बापासारखी उंच. "फोटो टाकलात."

"बाळ, मोठी माणसं बोलतायत."

"मग 'नव्हता' म्हणायला मोठ्या माणसांचं काय जातं?" शुवायने सुरी न थांबवता विचारलं.

न्यामुंडाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं आणि गोड हसला. "योग्य वेळी योग्य ते बोलेन. राजकारणात शब्द तोलून वापरावे लागतात. तू सहवीरा ना? तू उद्या लोकांना जरा हसव. फार रडारड झाली."

"हसवते की," शुवाय म्हणाली.

तो गेल्यावर शामिसोने ते निळं कापड उचललं आणि कोपऱ्यात भिरकावलं. नेत्सायने ते उठून आणलं, झटकलं, पुन्हा घडी घातली.

"आई, मेल्याच्या टाळूवरचं लोणी खायला आलाय तो. उपाध्यक्षांना गर्दी दाखवायचीय त्याला, बाकी काही नाही."

"कळतं मला. पण गर्दी तोच आणू शकतो. तो नाही म्हणाला तर तुझ्या बाबांना निरोप द्यायला हॉलमध्ये आपण तिघी आणि रिकाम्या खुर्च्या." मग ती शुवायकडे वळली. "आणि तू उद्या काही करू नकोस. तुझं तोंड मला दिसतंय."

"मी काही करत नाही," शुवाय म्हणाली. "मी माझं काम करेन."

ती घरी गेली तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. राग न्यामुंडाचा होताच, पण नेत्साय त्या कापडाची घडी घालत होती त्याचा जास्त होता. असली माणसं अशी वेळ आणतात, की ज्याने लाथ मारली त्याच्याच पायाला तेल लावावं लागतं.

शनिवारी चर्चमागचा हॉल खरंच भरला. एवढी माणसं तौरायने जिवंतपणी बोलावली असती तर शंभर निमित्तं निघाली असती. काळे कपडे, नव्या टोप्या, पाठीला बांधलेली मुलं. मागच्या टेबलांवर साद्झाची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीची, मोठी पातेली, मांसाचा रस्सा, शेंगदाण्याच्या कुटातली भाजी. दारापाशी विमानतळावर जाणारी काळी गाडी आणि तिचा गोरा ड्रायव्हर, सभ्यपणे हात मागे बांधून उभा. मधोमध पेटी, वर निळं कापड, चुरगळणार नाही असं ताणून बसवलेलं. कापडावरचं पक्षाचं चिन्ह बरोबर कॅमेऱ्याकडे येईल असं. शामिसोच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये गुटू : झाडाखाली बाकड्यावर बसलेले तिचे मोठे बाबा आणि त्यांच्या मागे गावातले पुरुष, एका पडद्यात डोकी घुसवून.

न्यामुंडा बोलायला उभा राहिला आणि बसेचना. पहिली गाडी तौरायने चालवली, पण ती कल्पना कुणाची होती. तौराय बर्फात उभा राहिला, पण त्याला उभं राहण्याची प्रेरणा कुणी दिली. मग परदेशातल्या माणसांच्या मताचा विषय निघाला. "आपण घरी पैसे पाठवतो, आईबापांना फोनवरून पुरतो, पण मत द्यायचं म्हटलं की आपण त्या देशाचे कुणी नाही. हा अपमान तौराय उरात घेऊन गेला." हे बोलणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच शुवायला जास्त झोंबलं. हॉल गदगदला. पहिल्या रांगेत उपाध्यक्ष मान डोलवत होते. न्यामुंडा 'लढवय्या' म्हणाला, 'भाऊ' म्हणाला, 'अमर' म्हणाला. जो शब्द म्हणायचा तो सोडून सगळं म्हणाला. मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "विमान कुणासाठी थांबत नाही. चला, आपल्या भावाला उचलूया."

फोनमधल्या झाडाखालची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण उठून उभा राहिला, जायच्या तयारीत.

तेवढ्यात मागच्या दाराने तौराय आत आला. म्हणजे त्याचं ते कोपरावर ठिगळ लावलेलं जाकीट आणि त्याची गाडी चालवताना घालायची चपटी टोपी घालून शुवाय आली. डावा गुडघा दुखत असल्यासारखी एक पाय ओढत, बोटावर किल्ल्या फिरवत, हुबेहूब. बायकांनी हुंदके दिले आणि त्याच श्वासात हसल्या.

"अरे, सरका, सरका," ती तौरायच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मागे तीन जणांची जागा आहे, पाच बसा. मुपारे काका, खिडकी उघडू नका, तुमची टोपी मागच्या वेळी उडाली, मी परत थांबणार नाही. आणि विल्बर्ट, तू पुढे बस. तुला पुढेच बसायची सवय."

हॉलमध्ये एकच हशा पिकला. न्यामुंडाही हसला, टाळ्या वाजवून. हसत हसत शुवाय पेटीपर्यंत आली, वळली, आणि पेटीवर बसली. निळ्या कापडावर, बरोबर चिन्हावर.

"माझं देणं द्या," ती म्हणाली.

हेही रीतीतलंच होतं. न्यामुंडाने ऐटीत पाकीट काढलं आणि एक नोट तिच्या मांडीवर ठेवली. मागून आणखी चार-सहा जण आले. शुवायने नोटा गोळा केल्या आणि नेत्सायच्या पदरात टाकायला शामिसोकडे दिल्या.

"हे घरच्यांना. मला पैसे नकोत, मला एक वाक्य हवंय. कुठलं ते विल्बर्टला ठाऊक आहे."

न्यामुंडाने माइक तोंडाजवळ घेतला. "बघा, सहवीरा असावी तर अशी. मित्रांनो, तौरायबद्दल काही अफवा पसरल्या होत्या. कुणी पसरवल्या? त्या तिकडच्या सरकारने. आपल्यात फूट पाडायला. हुकूमशाहीचं हे जुनंच हत्यार आहे." टाळ्या झाल्या. कुणीतरी घोषणाही दिली.

"सरकारने पसरवल्या," शुवाय म्हणाली. "तुझ्या नंबरवरून?"

टाळ्या अर्ध्यात थांबल्या.

"चला, आज शनिवार आहे पण आपण मंगळवार समजू. रांग लावू." ती बसल्या जागी खांदे पाडून, टोपी भुवयांपर्यंत ओढून चोरासारखी इकडेतिकडे बघायला लागली. "ही कोण आली? ही आपली ढोलवाली. शनिवारी ढोल फोडते, मंगळवारी म्हणते, साहेब, माझ्या फोटोत कान दिसतायत ना नीट? हा कोण? हे मुपारे काका. आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून चष्मा काढून आलेत. आता त्यांनाच काही दिसत नाही. भलत्याच खिडकीत जाऊन म्हणतात, पासपोर्ट द्या, आणि ती खिडकी नाही, चहाचं मशीन आहे."

मुपारे काका पंच्याहत्तरीचे. खुर्चीवरून खाली यायचे बाकी राहिले इतके हसले. सगळा हॉल हसत होता, ढोलवाली तर डोळे पुसत होती, कारण प्रत्येकाला आपापला मंगळवार आठवत होता. शुवाय हसत नव्हती. तिने टोपी मागे सरकवली.

"आणि हा तौराय. हा टोपीबिपी घालत नाही. दारातून आत येतो आणि रांगेतल्या सगळ्यांना नावाने हाका मारून नमस्कार करतो. वेडाच. आता फोटो. तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय तो, पुढे पाठवलाय पण. सांगा बघू, फोटोत तौरायचं काय दिसतं?"

"पाठ," मागून एक बाई म्हणाली.

"पाठ. म्हणजे फोटो काढणारा कुठे उभा होता?"

तिने वळून न्यामुंडाकडे पाहिलं.

"रांगेत," शुवाय म्हणाली. "त्याच्याच मागे, चार माणसं सोडून, स्वतःचा पासपोर्ट काखेत धरून. तौराय आत गेला म्हणून हेर झाला, तर हा कोण होता, विल्बर्ट? का तूच होतास?"

"मला तो कुणीतरी पाठवला होता," न्यामुंडा म्हणाला. हसू अजून तोंडावर होतं, पण चिकटवल्यासारखं. "आता कुणी, ते आठवणं..."

"नको आठवूस. मी इथे बसलेय, पेटी इथे आहे. गाडी गेली तर जाईल."

न्यामुंडाचा जबडा हलत होता. दुसरीकडे कुठे त्याने तिला झाडली असती, बाहेर काढायला लावली असती. पण सहवीरावर चिडणारा माणूस जन्मभर हसं होऊन राहतो हे त्याला ठाऊक होतं. ड्रायव्हरने दारातून डोकावून मनगटाकडे पाहिलं. उपाध्यक्ष खुर्चीतून पुढे वाकले आणि हळूच, पण पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल इतपत म्हणाले, "बोलून टाक आणि संपव ना बाबा."

न्यामुंडाने माइक धरला. "तौराय मुकारो हेर नव्हता," तो म्हणाला.

शामिसोने फोन दोन्ही हातांनी उंच धरला होता. नेत्सायने डोळे मिटले.

बस. देणं मिळालं होतं. शुवायने पेटीवर हात टेकले आणि ती अर्धी उठली. पण न्यामुंडासारख्या माणसाच्या हातात माइक राहिला की तो गप्प कसा राहील.

"आपली सगळ्यांची फसवणूक झाली, मित्रांनो," तो म्हणाला आणि त्याचा आवाज पुन्हा गोड झाला. "खरं काय ते आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर आपल्या भावाला आपण एकटं सोडलं असतं का?"

"नाही, नाही," हॉल म्हणाला. बायकांनी माना हलवल्या. कुणी सुस्कारा टाकला. बरं वाटलं सगळ्यांना. किती सोपं झालं. फसवणूक झाली होती बिचाऱ्यांची.

शुवाय पुन्हा खाली बसली. तिच्या डोळ्यांपुढे तो दवाखान्याच्या दाराकडे मान वळवणारा माणूस आला. हे यांना फुकट द्यायचं नाही. हे तर मुळीच नाही.

"थांबा," ती म्हणाली. आता आवाज तौरायचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. "चेअरमन म्हणतो कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे तौरायला ओळखणारा असा एकही माणूस या शहरात नव्हता. गाव बघतंय तिकडून. गावाला काय वाटेल? ज्यांना ठाऊक होतं की तो हेर नाही, त्यांनी हात वर करा. खरं सांगा. सहवीरा विचारतेय."

पहिल्यांदा मुपारे काकांनी हात वर केला, सुरकुतलेला. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "मी स्वतः त्या रांगेत होतो." त्यांच्या शेजारच्याने केला. ढोलवालीने केला. मग सगळीकडून हात निघायला लागले, आधी संकोचत, मग भराभर, एखाद्या सभेत ठराव पास करायचा असावा तसे. आपला हात खाली दिसू नये म्हणून लोक टाचा उंचावत होते. "मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," एक बाई शेजारणीला सांगत होती. "मी घरी म्हटलंसुद्धा होतं." काहींचे डोळे भरून आले होते. ज्यांना मायदेशात मत नाही त्यांनी आज भरभरून मत दिलं. न्यामुंडाने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उपाध्यक्षांचाही हात वर गेलेला पाहिला, आणि आपलाही हात वर केला.

"शामिसो," फोनमधून मोठ्या बाबांचा आवाज आला, खरखरत. "हे हात कसले आहेत?"

"बाबा हेर नव्हते हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांचे, मोठे बाबा."

"सगळ्यांचे?"

"हो."

झाडाखालची माणसं पडद्याजवळ सरकून ते हात बघत होती.

"बरं," मोठे बाबा म्हणाले. "त्याला घेऊन या. आम्ही खणतो." आणि त्यांनी फोन ठेवला. एरवी ते असा निरोप न घेता कधी ठेवत नसत.

नेत्साय गादीवरून उठली. कुणी तिला आधार द्यायला पुढे झालं तर तिने तो घेतला नाही. ती पेटीशेजारी येऊन उभी राहिली आणि त्या हातांकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली, घाई न करता, जणू एकेकाची ओळख पटवत होती.

"एवढे हात," ती म्हणाली. "यातल्या एकानेही माझं दार वाजवलं नाही."

हात वर होते ते वरच राहिले. खाली कधी घ्यायचे ते कुणाला कळेना. ढोलवालीने तोंड फिरवलं. मुपारे काकांचा हात मात्र आपोआप खाली आला आणि मांडीवर पडून राहिला.

शुवाय पेटीवरून उतरली. तिने निळं कापड ओढून काढलं, न्यामुंडाच्या छातीशी दाबून धरलं आणि त्याने ते धरेपर्यंत सोडलं नाही. तिला वाटलं होतं, राग निघून जाईल. तो गेला नव्हता, उलट एवढ्या तोंडांत वाटला गेल्यावरही तिच्या वाट्याला पूर्वीइतकाच उरला होता.

"मी उठले," ती म्हणाली. "आता उचला."

हात खाली आले. पण पेटीच्या कड्यांपर्यंत कुणाचा पोचेना. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. शेवटी पुढची कडी शामिसोने धरली आणि तिच्यासमोरची शुवायने. मागे नेत्साय वाकली, आणि गाडीचा तो गोरा ड्रायव्हर, ज्याला आत काय झालं त्यातलं अक्षर कळलं नव्हतं, टोपी काढून चौथ्या कडीला आला.